टोपीचे नट

नवी चाकं खोक्यांतून बाहेर निघाली तेव्हा दादांनी आधी नाक मुरडलं आणि मग चष्मा चढवला. हा त्यांचा क्रम जुनाच होता. नावं आधी ठेवायची, वस्तू पाहायची नंतर.

"हलकी आहेत हो," त्यांची बायको एक चाक दोन्ही हातांनी जोखत म्हणाली. तिला सगळी आळी वहिनी म्हणायची, त्यामुळे आपणही वहिनीच म्हणू.

"हलकीच असायला हवीत. जड चाकं लावायला ती काय बैलगाडी आहे?"

गाडी बैलगाडी नव्हती हे मात्र खरं. शेडमध्ये कापडाखाली उभी होती ती दोन दारांची, बुटकी, पिवळी, रस्त्याला पोट घासत जाणारी गाडी. आवाज असा की सुरू केली की शेजारचे खिडकीत यायचे. पूर्वी भांडायला यायचे, अलीकडे कौतुकाने. गाडी दादांच्या धाकट्या बहिणीची होती. एका जागी बसणं जमत नाही म्हणून तिला लहानपणी भिंगरी म्हणायला लागले आणि ते नाव तिला असं चिकटलं की साठी ओलांडून, नातवंडं खेळवून आणि निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवूनही ती भिंगरीच राहिली.

जुन्या गाड्यांच्या क्लबाने यंदा पुन्हा घाटाची शर्यत ठेवली होती. भिंगरीने नाव दिलं आणि त्याच आठवड्यात गाडी धुताना पुढच्या चाकाला तडा दिसला. केसाएवढा, पण तडा तो तडाच. असल्या चाकावर शर्यतीचा तपासनीस गाडी सुरूसुद्धा करू देणार नव्हता, आणि दादांनी तर त्याच्याही आधी दिली नसती. मग चौकातल्या टायरवाल्याने बाहेरच्या कंपनीची चार नवी चाकं मागवली. नव्या चाकांचा मधला भाग जाड, म्हणून सोबत चांगलेच लांब स्टड पाठवले. हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीत, घट्ट बसून चाकाच्या भोकांतून बाहेर येतात ते दांडे म्हणजे स्टड. त्यांच्यावर नट आवळायचे की चाक धरलं जातं. नटांचीही एक पिशवी होती. साधे, काळे, दोन्ही बाजूंनी उघडे.

"नट यातलेच वापरा हं दादा," टायरवाला जाता जाता म्हणाला होता.

"बरं," दादा म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'चा अर्थ वहिनीला ठाऊक होता. मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असा तो होता.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. भिंगरीच्या गाडीच्या चाकांना आजवर दादांशिवाय कुणाचाही हात लागला नव्हता. बाकीचं इंजिन, गिअर, ब्रेक कुणीही पाहो, चाकं दादांची. घरात भिंगरीचे कप होते, फोटो होते, तिचं नाव काढणारे लोक होते. दादांच्या वाट्याला एवढंच आलं होतं आणि एवढ्यावर ते आयुष्यभर खूश होते. आणि गेल्या वर्षापासून साखरेने दादांच्या बोटांची टोकं बधिर केली होती. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. गरम कप त्यांना गरम लागायचा नाही. आळीत कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, भिंगरीला तर नाहीच. तिला कळलं तर ती गाडी टायरवाल्याकडे नेईल, ही भीती त्यांना साखरेपेक्षा जास्त खात होती.

"सांगून टाका ना तिला," वहिनी म्हणायची.

"काय सांगू? की तुझा भाऊ निकामी झाला?"

"बोटं बधिर झालीत म्हणायचं. निकामी कोण म्हणतंय?"

"तेच ते," म्हणून दादा शेडमध्ये निघून जायचे.

ही शेड म्हणजे त्यांच्या वडिलांचं गॅरेज. वडील कमी बोलत, पण नियम दोन होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसत. चालवणाऱ्याने स्वतःच्या चाकाला हात लावायचा नाही. आणि ज्याने चाक लावलं त्याने पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. चालवणाऱ्याला घाई असते, म्हणून पहिला नियम. आणि लावणाऱ्याचा जीवही त्याच चाकावर असू दे, म्हणजे हात आपोआप नीट चालतो, म्हणून दुसरा. भिंगरी विशीत आली, गाडी पळवायला लागली, तेव्हापासून भावाबहिणीने हे नियम धरले ते वडील गेल्यावरही सुटले नाहीत.

दादांना त्या पहिल्या फेऱ्या फार आठवत. सकाळी सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, आत रबराचा आणि तेलाचा वास कोंडलेला असायचा, आणि भिंगरी ओल्या केसांनीच येऊन गाडीत बसायची. मग हळूहळू मागच्या रस्त्याने एक चक्कर. शर्यतीत वारं पिऊन पळणारी ही मुलगी त्या फेरीत मात्र वरातीच्या घोड्यासारखी चालवायची. गाणं म्हणायची, तेही बेसूर. दादा खिडकीतून मान बाहेर काढून चाक बघत बसायचे आणि मधूनच "सूर गेला तो गेलाच, निदान स्टिअरिंग धर" म्हणायचे. परतल्यावर पुन्हा सगळे नट तपासायचे, कारण नवं चाक थोडं चाललं की बसतं आणि नट किंचित सैल होऊ शकतात. मग चहा. असं कितीदा झालं असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि तेच बरं झालं. हिशेब ठेवला असता तर आता शेवट कुठे येतो तेही कळलं असतं.

आणि ते नट! पहिली शर्यत जिंकली तेव्हा भिंगरीने हट्टाने चकचकीत टोपीचे नट आणले होते. टोपीचे म्हणजे एका बाजूने बंद, स्टडचं टोक आत झाकून घेणारे. "माझ्या गाडीचे दात चमकायला हवेत दादा," ती म्हणाली होती. लोक आधी हसले. मग वळणावर लांबून लखलखाट दिसला की तेच लोक "आली, भिंगरी आली" म्हणून ओरडायला लागले. पुढे तिचं लग्न झालं, गाडी शिकवायचा क्लास सुरू झाला, शर्यती थांबल्या, तेव्हा दादांनी ते नट उतरवून कापडात गुंडाळून डब्यात ठेवले. अधूनमधून बाहेर काढून पुसायचे, वहिनी बघत नाही असं पाहून. वहिनी बघत असायचीच.

दादांनी काम सुरू केलं ते अगदी शास्त्राप्रमाणे. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारा माणूस त्यांच्या लेखी वेडा. जुने आखूड स्टड काढले, हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून चकाकवला, कारण मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक टेकलंय असं वाटतं आणि टेकलेलं नसतं. नव्या स्टडच्या आट्यांना, ते सैल होऊ नयेत म्हणून, निळं औषध लावलं, ते हबात बसवले आणि औषध सुकायला दिवसभर सोडून दिले. नव्या चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं. त्यात कडी बसवली, म्हणजे चाक बरोबर मध्ये बसतं, थरथरत नाही. सगळं चोख. चुकायला त्यांनी कुठे जागाच ठेवली नव्हती.

मग त्यांनी डबा उघडला.

"आणि त्या टायरवाल्याच्या नटांचं काय?" वहिनीने विचारलं.

"त्यांचं लोणचं घाल."

दादा काही अंदाजपंचे काम करणारे नव्हते. जुन्या नटाचे आटे नव्या स्टडवर नीट चढतात का ते पाहिलं, चढत होते. नटाची उतरती बाजू चाकातल्या खळग्याशी जुळते का ते पाहिलं, जुळत होती. फक्त टोपी आतून किती खोल आहे हे त्यांनी पाहिलं नाही. कारण ते त्यांना आयुष्यात कधी पाहावंच लागलं नव्हतं. आखूड स्टडवर ते नट नेहमीच बसले होते, आणि शिवाय नट चाकाला टेकला की नाही हे बोटाला कळायचं. पाना नंतर. आधी बोटं.

बोटांनी नट फिरवताना दोन हातातून निसटून फरशीवर गडगडत गेले. दादांनी चिडून खाली वाकून शोधले. नट फिरला, फिरला आणि थांबला. थांबला म्हणजे टेकला, असं त्यांनी धरलं. मग टॉर्कचा पाना घेतला. हा पाना ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की 'कट्' असा आवाज करतो आणि त्यापुढे आवळायचं नसतं. एक नट, मग समोरचा, मग पुन्हा तिरका पलीकडचा, म्हणजे चाक एका बाजूला ओढलं जात नाही. कट्. कट्. कट्. कानांना तो आवाज इतका गोड लागला की शेवटी दादा स्वतःशीच हसले. चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. हाताला हल्ली काहीच लागत नव्हतं, हे त्या क्षणी त्यांच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आली. कापड बाजूला झालं आणि ती शेडच्या दारातच थांबली.

"दात!" ती एवढंच म्हणाली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जपून ठेवलेस तू? इतकी वर्षं?"

"टाकायला मी काय वेडा आहे? चांगली वस्तू आहे."

"वस्तू म्हणे," वहिनी आतून म्हणाली.

भिंगरी चाकासमोर उकिडवी बसली, हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला. नियम म्हणजे नियम. दादांना त्या वेळी इतकं सुख झालं की विचारू नका. जग थांबलं होतं ते तिथूनच पुन्हा चालू झालंय असं त्यांना वाटलं.

पहिल्या फेरीला दोघं निघाले. मागचा रस्ता आता तसा राहिला नव्हता. मोकळ्या मैदानावर गोदामं झाली होती, लांबच लांब भिंत होती, मध्ये दोन गतिरोधक. पण सकाळचं ऊन तेच होतं आणि भिंगरीचा सूरही तसाच, गेलेला. दादा खिडकीतून मान काढून बसले होते. चाकावर ऊन पडून टोप्या लखलखत होत्या.

गोदामाच्या कोपऱ्यावर तिने डावीकडे वळवली आणि गाणं थांबलं.

"काय झालं?"

"ऐकलंस?"

"काय?"

"टक् झालं."

"टायरात खडा अडकला असेल."

पुढच्या वळणावर खिडकीची काच पूर्ण खाली करून तिने गाडी आणखी हळू घेतली, आणि मग भिंतीला लावून उभी केली. दादा उतरले, डिकीतून पाना काढला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या पहिल्याच नटाला लावला. कट्. दुसऱ्याला. कट्.

"बघ. हललासुद्धा नाही."

"कट् मलाही ऐकू आलं दादा. पण टकही ऐकू आलं."

"मग गाडी जुनी झालीये. आपणही झालोय. हाडं वाजतात."

"चाकातून आलं ते."

"चाक मी लावलंय!" दादा ओरडले. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याने वळून पाहिलं. "ह्या हातांनी लावलंय. आजवर कधी वाजलं होतं?"

"म्हणून तर थांबले," भिंगरी शांतपणे म्हणाली. "आजवर कधी वाजलं नव्हतं."

दादांनी तावातावाने चाक धरून गदगदा हलवलं. "घे. आहे का काही?" आणि मान वर करून पाहतात तो भिंगरी चाकाकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत होती. चाक हललं होतं. अगदी किंचित, पण तिला दिसलं होतं, आणि ज्याच्या हातात होतं त्याला कळलं नव्हतं.

चाकाच्या एका आऱ्याला टायरवाल्याची कागदी चिठ्ठी दोऱ्याने अजून लटकत होती. भिंगरीने ती तोडली, खाली बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या चाकाला हात लावला. चिठ्ठीची कड तिने नट आणि चाक यांच्यामध्ये सरकवली. कड आत गेली. दुसऱ्या नटापाशी सरकवली. तिथेही गेली. जिथे पाना कट् म्हणत होता तिथे कागद खुशाल जात येत होता.

दादांनी एक नट काढला. टोपीच्या आत तळाला नवा गोल ओरखडा होता आणि स्टडचं टोक तेवढ्याच जागी घासून चमकत होतं. क्षणात सगळं त्यांना कळलं. लांब स्टडचं टोक टोपीच्या तळाला जाऊन भिडलं होतं. पाना आवळत होता तो नटाला स्टडवर, चाकावर नव्हे. नट जागच्या जागी घट्ट, आणि चाक मोकळं. या नटांवर भिंगरी घाटात शिरली असती, तर चार-दोन वळणांत स्टडच तुटले असते. आणि त्या घाटाला एका बाजूने कठडा नाही.

दादा रस्त्याच्या कडेला बसले.

"माझ्या बोटांना काही लागत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. तुला सांगितलं नाही."

भिंगरी ताडकन उभी राहिली. मग तिचा जो भडका उडाला तो वडिलांवर गेलेल्या मुलीचा भडका होता.

"वर्ष? वर्षभर तू मला दारात चहा देतोयस, हसतोयस, आणि बोटं गेलीत हे सांगत नाहीस? वहिनीला ठाऊक आहे?"

"आहे."

"म्हणजे मीच परकी!"

"परकी नाही गं. तुला कळलं असतं तर तू गाडी दुसरीकडे नेली असतीस." दादा आपल्या हातांकडे बघत म्हणाले. "बरोबरच होतं ते. ने आता. टायरवाल्याकडे ने. माझ्या हातून तुझा जीव गेला असता भिंगरे."

"टायरवाल्याकडेच न्यायची असती, तर खोकी तुझ्या दारात कशाला उतरवली असती?" ती त्यांच्या शेजारी धपकन बसली. "त्या पान्याच्या कट्वर मी कधी भरवसा ठेवला होता का रे? मला काय कळतंय त्यातलं? तुझी बोटं फिरली आहेत म्हटलं की मी डोळे मिटून वळण घ्यायचे. आता नाहीत तर नाहीत. माझी घे."

"चालवणाऱ्याने..."

"माहीत आहे. बाबा असते तर मला हाकलून दिलं असतं. पण बाबांनी तो नियम केला तोही तुझ्या बोटांच्या भरवशावर."

दादांनी वहिनीला फोन केला. वहिनी स्कूटरवरून आली, टायरवाल्याची नटांची पिशवी हँडलला लटकवून. चाकाकडे, नवऱ्याकडे, नणंदेकडे पाहून तिला न सांगता सगळं समजलं. पिशवी दादांच्या हातात देत ती म्हणाली, "लोणचं घालायचं राहूनच गेलं बघा." आणि मग त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवून ती स्कूटरला टेकून उभी राहिली. जीव भांड्यात पडला होता, पण चेहऱ्यावर दाखवेल तर ती वहिनी कसली.

गाडी तिथेच सपाट जागी उचलली. टोप्या उतरल्या. भिंगरी गुडघे टेकून बसली आणि पहिला काळा नट तिने चिमटीत धरला. दादा शेजारी, हात मांडीवर.

आणि आता पंचाईत अशी झाली, की जे दादांच्या बोटांना येत होतं ते त्यांच्या तोंडाला कधी सांगावंच लागलं नव्हतं.

"आधी उलटा फिरव. थोडासा. आटा आट्यात पडला की कळतं."

"काय कळतं?"

"कळतं म्हणजे..." दादा शब्द शोधायला लागले. "उतरतो. जरासा खाली बसल्यासारखा होतो. आला?"

"आला!" ती लहान मुलीसारखी म्हणाली.

"आता सुलटा. सैल फिरायला हवा. मध्येच जड लागला तर थांब, जोर करू नकोस, वाकडा चढला असेल. फिरतोय?"

"फिरतोय."

"आता चाकाजवळ आला की बोटाला आधी चाक लागेल. मग नट. नट खळग्यात बसतो तेव्हा चाक किंचित आत ओढलं जातं. ते लक्ष देऊन बघ. तेच खरं."

भिंगरीने डोळे मिटले. तिचा ओठ दातांखाली गेला. दादा तिच्या बोटांकडे असे बघत होते की त्यांची स्वतःची बोटं मांडीवर नकळत फिरत होती.

"ओढलं गेलं," ती हळूच म्हणाली.

"मग झालं."

उघड्या नटांतून स्टडची टोकं बाहेर दिसत होती. दिसायला ओबडधोबड, पण आत काय चाललंय ते लपवत नव्हती. सगळे नट बोटांनी बसले आणि दादांनी पाना उचलला, सवयीने. पहिल्या नटाला लावला आणि थांबले. ज्याने टेकलेलं अनुभवलं त्यानेच आवळायचं, हे त्यांनी कितीतरी जणांना दरडावून सांगितलं होतं. त्यांनी पाना तिच्यापुढे धरला.

"तू मार."

"दादा, तेवढं तरी तू..."

"मार म्हणतो ना. समोरासमोरचे, आळीपाळीने. कट् झालं की थांबायचं."

तिने आवळले. दादांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. वहिनी गोदामाच्या भिंतीकडे बघत राहिली. मग चिठ्ठीची कड त्यांनी स्वतः प्रत्येक नटाशी लावून पाहिली. बोटांना कळत नव्हतं तरी डोळ्यांना कळत होतं. कागद कुठेच आत गेला नाही. उरलेली तीन चाकंही तिनेच केली, आणि परत येताना टक् झालं नाही. घरी आल्यावर तिने पुन्हा एकवार सगळे नट तपासले. टोपीचे नट डब्यात गेले.

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी तपासनीस गाड्या पाहत होता. पिवळ्या गाडीपाशी तो वाकला, पुढच्या चाकाचे नट न्याहाळले, बाहेर आलेली टोकं बघून मान डोलावली.

"चाकं छान बसलीत. कोणी लावली?"

या प्रश्नाचं उत्तर भिंगरी पूर्वी वर्षानुवर्षं एकच देत आली होती, आणि ते ऐकायला दादा दर वेळी मुद्दाम जवळ उभे राहत. तिने तोंड उघडलं. पण त्याआधी दादाच बोलले.

"हिनं लावली. स्वतः. मी नुसता शेजारी होतो."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. हेल्मेट चढवलं आणि गाडी रांगेत नेली.

दादा आणि वहिनी नेहमीच्या वळणावर जाऊन उभे राहिले, जिथून घाटाचा वरचा पट्टा अख्खा दिसतो. खालून आवाज चढत आला. दादांनी सवयीने नजर खाली टाकली, पुढच्या डाव्या चाकावर, जिथे ती इतकी वर्षं टाकली होती. प्रत्येक शर्यतीत त्यांनी तेवढंच पाहिलं होतं. एक चाक, मग दुसरं चाक, आणि ते नजरेआड होईपर्यंत रोखून धरलेला श्वास. आज त्या चाकावर त्यांचं काहीच नव्हतं. नजर तिथे क्षणभर टेकली आणि मग वर गेली.

काचेमागे भिंगरी होती. मान किंचित तिरकी, खांदे सैल. वळण यायच्या आधीच तिचे हात वळायला लागले होते, घाई नाही, झटका नाही, आणि ती बुटकी दांडगी गाडी तिच्या मनात येईल तशी वळत होती. हेल्मेटच्या आत तिचे ओठ हलत होते. नक्कीच गात होती, बेसूर. गाडी पुढे गेली, वरच्या पट्ट्यावर निघाली, आणि दादा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"अगं," ते वहिनीचा हात धरून म्हणाले, "ही किती सुंदर चालवते!"

"सगळ्या जगाला ठाऊक आहे ते," वहिनी म्हणाली. "तुम्हीच कधी पाहिलं नव्हतं."